जुन्या गाडीचा सौदा आणि दोष सांगण्याची अमानत

गेल्या वर्षी एका संध्याकाळी, मगरिबच्या नमाजनंतर, दोन गृहस्थ माझ्यापाशी येऊन बसले. दोघेही आमच्याच मस्जिदीचे नमाजी. त्यांपैकी एक शिवणकाम करून संसार चालवतात. आईला दर पंधरवड्याला तालुक्याहून नगरच्या दवाखान्यात न्यावे लागते. एसटीचा प्रवास तिला सोसवेना, म्हणून त्यांनी तीन वर्षे पैसे साठवून एक जुनी छोटी गाडी घेतली. विकणारे होते शेजारी बसलेले दुसरे गृहस्थ. सौदा झाला त्या दिवशी मी स्वतः दुआ केली होती आणि पेढाही खाल्ला होता.

तिसऱ्याच आठवड्यात राहुरीच्या पुढे गाडी तापली आणि भर उन्हात रस्त्यावर बंद पडली. आई मागच्या सीटवर होती. गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर कळले की हेड गॅस्केट आधीपासूनच गेलेले आहे. विकणाऱ्यांना गाडीत दर आठवड्याला पाणी घालावे लागत होते, हेही मग बाहेर आले. घेणारे म्हणाले, "मौलाना, यांनी सांगितलेच नाही." विकणारे म्हणाले, "मौलाना, यांनी विचारलेच नाही."

या दोन वाक्यांवरच आजचा धडा आहे. एकाच सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतो म्हणून एकाने विचारले नाही. विचारले नाही म्हणून दुसऱ्याने सांगितले नाही. शरीअतच्या दृष्टीने या दोघांची चूक सारखी नाही. पण दोघांनाही शिकण्यासारखे यात पुष्कळ आहे.

न सांगणे म्हणजे काय?

सहीह मुस्लिममधील एक हदीस सर्वांच्या परिचयाची आहे. अल्लाहचे प्रेषित (स.) मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, अशी ताकीद दिली. येथे त्या विक्रेत्याने तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता, आणि पाऊसही त्याने पाडला नव्हता. त्याने फक्त ओल खाली राहू दिली होती. "त्याने विचारले नाही" या सबबीचे उत्तर या एका घटनेत आहे. दोष ठाऊक असणाऱ्यावर तो सांगण्याची जबाबदारी असते, मग कोणी विचारो वा न विचारो.

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या हदीसमध्ये बरकतीचा नियम सांगितला आहे. विकणारा आणि घेणारा दोघे खरे बोलले आणि त्यांनी बाब स्पष्ट केली, तर त्यांच्या सौद्यात बरकत होते. लपवले आणि खोटे बोलले, तर बरकत पुसली जाते. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिच्यात दोन्ही पक्षांचा उल्लेख आहे, हे ध्यानात घ्यावे. घेणारा खोटा चेक देत असेल किंवा पैशांची खोटी मुदत सांगत असेल, तर बरकत त्याच्याही बाजूने जाते.

आता कोणी विचारील की दोष नेमका कशाला म्हणावे? जुन्या गाडीला ओरखडे असणारच. हनफी फुकहांनी याचे मोजमाप सोपे ठेवले आहे: त्या व्यवसायातील जाणकारांच्या रीतीप्रमाणे ज्या गोष्टीमुळे किंमत कमी होते, तो दोष. दारावरचा ओरखडा समोर दिसतो, तो दिसत असतानाच किंमत ठरते. परंतु तेल पिणारे इंजिन, अपघातात वाकलेली चॅसी, पुरात बुडालेली गाडी, मागे फिरवलेले मीटर हे सारे किंमत कमी करणारे आणि डोळ्यांना न दिसणारे दोष आहेत. यांतील प्रत्येक गोष्ट सांगणे वाजिब आहे.

असा दोष नंतर उघडकीस आला तर घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा अधिकार मिळतो. याला फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणतात. मात्र दोष कळल्यानंतरही तो आपल्या कामासाठी गाडी फिरवत राहिला, तर ती त्याची संमती ठरते. म्हणून दोष आढळताच गाडी उभी करावी आणि विक्रेत्याला कळवावे. महिनाभर वापरून मग भांडायला जाऊ नये.

"जशी आहे तशी" या शब्दांचे वजन

आपल्याकडे सौदा करताना एक वाक्य सर्रास वापरले जाते: "गाडी जशी आहे तशी देतोय, नंतर तक्रार चालणार नाही." या अटीविषयी फुकहांमध्ये मतभेद आहे. हनफी मजहबात विक्रेत्याने सर्व दोषांपासून आपण मुक्त असल्याची अट घातली आणि घेणाऱ्याने ती मान्य केली, तर ती अट लागू होते आणि गाडी परत करण्याचा अधिकार उरत नाही. इतर मजहबांतील अनेक फुकहांच्या मते, विक्रेत्याने जाणूनबुजून लपवलेल्या दोषाला या अटीचे संरक्षण मिळत नाही.

परंतु कायदेशीर अधिकार संपणे वेगळे आणि अल्लाहसमोरचा हिशेब संपणे वेगळे. ठाऊक असलेला दोष पोटात ठेवून "जशी आहे तशी" म्हणणारा माणूस पंचांपुढे कदाचित सुटेल. धोका देण्याचा गुनाह मात्र त्याच्या खाती राहीलच. हे शब्द त्या दोषांसाठी वापरावेत, जे विक्रेत्यालाही ठाऊक नाहीत. ठाऊक असलेले दोष आधी एक एक करून सांगावेत आणि मग हे वाक्य उच्चारावे.

तिसऱ्या माणसाची जबाबदारी

गाडीच्या सौद्यात बहुधा तिसरा माणूस असतो. कधी तो एजंट असतो, कधी गॅरेजवाला, कधी नुसता शेजारी. "आपल्याला काय करायचे?" म्हणून तो गप्प राहतो. हजरत वासिला बिन अल-असका (रजि.) यांची घटना येथे मार्गदर्शक आहे. एक माणूस उंटीण विकत घेऊन निघाला होता. हजरत वासिला (रजि.) त्याच्या मागे धावत गेले आणि त्यांनी विचारले, की ही मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? तो म्हणाला, हजच्या प्रवासासाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या पायाच्या तळव्याला भोक पडले आहे, ती लांबचा पल्ला चालणार नाही. मालक नाराज झाला, की तुम्ही माझा सौदा बिघडवलात. त्यावर त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली: दोष न सांगता वस्तू विकणे हलाल नाही, आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे त्यानेही तो न सांगणे हलाल नाही.

काही लोकांना वाटते की दुसऱ्याच्या गाडीचा दोष सांगणे ही गीबत होईल. हा गैरसमज आहे. सल्ला विचारणाऱ्याला नुकसानीपासून वाचवण्यासाठी खरी माहिती देणे, हे उलमांनी गीबतीच्या मनाईतून वगळले आहे. अट एवढीच, की जेवढे सौद्याशी संबंधित आहे तेवढेच सांगावे आणि मनात वैर नसावे.

पारख करणे म्हणजे संशय घेणे नव्हे

आता घेणाऱ्यांकडे वळू. आपल्या जिल्ह्यात घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात शेतकरी बैल घेताना त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांदा चाचपतो. विकणारा याला अपमान मानत नाही. मग गाडी घेतानाच आपण का संकोचतो? याच अहमदनगर शहरात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था आहे. तेथे वाहने खास बांधलेल्या मार्गांवर चालवून त्यांची कसोटी घेतली जाते. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या वाहनालाही कसोटीतून जावे लागते, मग बारा वर्षे चाललेली गाडी तपासणे यात गैर काय?

ज्या सहाबींची सौद्यात वारंवार फसवणूक होत असे, त्यांच्यावर प्रेषितांनी (स.) बाजार सोडण्याची सक्ती केली नाही. या व्यवहारात फसवणूक चालणार नाही, असे आधीच स्पष्ट बोलून घेण्याची शिकवण त्यांना दिली. फुकहांनी मान्य केलेली खियार-ए-शर्त, म्हणजे मुदतीत सौदा रद्द करण्याची अट, याच प्रकारची सोय आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असते. "तीन दिवसांत माझ्या मिस्त्रीला दाखवीन, मोठा दोष निघाला तर सौदा रद्द" असे साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतले, तर कोणाचाच अवमान होत नाही.

तपासताना पुढील गोष्टी साध्या माणसालाही पाहता येतात.

१. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचारावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर पाणी इंजिनात जात असण्याची शंका घ्यावी. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तरीही तेच.

२. मीटरवर विसंबू नये. बारा वर्षांची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली असे धरले, तरी एक लाख वीस हजार होतात. मीटर पंचेचाळीस हजार दाखवत असेल, तर सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागाव्यात. ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंग आणि चालकाची सीट किती झिजली आहे, ते मीटरशी ताडून पाहावे. विकण्याआधी जनावराचे दूध न काढता सड फुगवून दाखवण्यास हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. मीटर मागे फिरवणे हे त्याच जातीचे कृत्य आहे.

३. लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पुट्टी भरलेली असू शकते. बोनेटच्या आतल्या पट्ट्या व डिकीचा तळ यांवर वेल्डिंगच्या खुणा आहेत का, ते बघावे.

४. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा आणि सतरंजी उचलून पाहावी. चिखलाची रेघ, कुबट वास, सीटखालच्या लोखंडाला गंज ही गाडी पाण्यात बुडाल्याची लक्षणे आहेत. २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आले होते. असे दोष घेऊन गाडी शंभर कोसांवर विकली जाऊ शकते.

५. टायरवर चार अंकी आकडा असतो. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर एकाच कडेने झिजले असतील तर पुढच्या चाकांची मांडणी बिघडलेली असू शकते.

६. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. येथे प्रश्न पैशांचा नसून कुटुंबाच्या जिवाचा आहे.

हे सारे झाल्यावरही, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीला मजुरी देऊन गाडी दाखवावी. ती मजुरी हा या सौद्यातला सर्वांत उपयोगी खर्च आहे.

कागद ही साक्ष आहे

सूरह अल-बकराची २८२वी आयत कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे व साक्षीदार करणे. गाडीच्या बाबतीत आपण मात्र "भाऊ-भाऊ आहोत" म्हणत फक्त चावी आणि आरसी हातात घेतो. नाव वर्षानुवर्षे पहिल्याच मालकाचे राहते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० असतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. आपल्या जिल्ह्यातील एमएच-१६ च्या गाड्यांचे कार्यालय नगरला, तर एमएच-१७ चे श्रीरामपूरला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात निर्णय दिला, की गाडी पुढे कितीही हातांत गेली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच नुकसानभरपाईसाठी मालक मानला जाईल. म्हणजे नाव बदलण्यात विकणाऱ्याचेही संरक्षण आहे. विम्याचे नावही १४ दिवसांच्या आत बदलण्यासाठी अर्ज करावा, नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

चॅसी क्रमांक आरसीशी जुळवून पाहावा. थकलेले ई-चलन, पीयूसी आणि नोंदणीची मुदत तपासावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर असा खर्च येतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण येथे आहे. दिल्लीकडची दहा वर्षांवरची डिझेल गाडी स्वस्त दिसली, तर ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा कर धरून हिशेब करावा.

हातात आहे तेवढ्यात

पैसा कमी असेल तर मोठ्या गाडीचा मोह सोडावा. आपल्या प्रत्येक तालुक्यात जिचे सुटे भाग मिळतात आणि जी कोणताही मिस्त्री उघडू शकतो, अशी अल्टो किंवा वॅगन आरसारखी छोटी पेट्रोल गाडी गरिबाच्या संसाराला झेपते. दीड लाख जवळ असतील तर सव्वा लाखाची गाडी पाहावी. उरलेले पंचवीस हजार टायर, बॅटरी, पट्टे, विमा आणि नाव बदलण्यासाठी राखून ठेवावेत. सर्व पैसे किमतीतच संपले, तर पहिल्याच दुरुस्तीला कर्ज काढावे लागते.

आणि कर्ज म्हटले की व्याज दाराशी उभे राहते. व्याजाविषयी अल्लाहने कुरआनमध्ये किती कठोर शब्दांत बजावले आहे, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्याऐवजी हलाल मार्ग आहेत. नातेवाइकांकडून बिनव्याजी उसने घ्यावे आणि ते लिहून द्यावे. भिशीत सर्वांनी सारखे भरून सारखेच उचलायचे असेल तर ती जायज आहे. बोली लावून कमी उचलण्याची आणि उरलेले वाटून घेण्याची भिशी मात्र टाळावी. विक्रेत्याशीच हप्ते ठरवता येतात. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त ठरवणे बहुसंख्य फुकहांच्या मते जायज आहे. परंतु ती किंमत सौद्याच्या बैठकीतच निश्चित झाली पाहिजे, आणि हप्ता उशिरा आला म्हणून ती वाढवता येत नाही.

इसाराविषयीही सावध असावे. सौदा मोडला की इसार बुडाला, ही रीत आपल्याकडे रूढ आहे. हनफींसह बहुसंख्य फुकहांच्या मते घेणाऱ्याचा इसार असा गिळून टाकणे विक्रेत्याला हलाल नाही. हंबली मजहबात त्याला परवानगी आहे. सौदा रद्द झाला तर इसार परत करणे हाच सावधगिरीचा मार्ग होय.

एका अर्थशास्त्रज्ञाचे निरीक्षण

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत तो होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडी सरासरी दर्जाची असेल असे धरून तेवढाच भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात वाईट गाड्याच उरतात. दोष लपवणारा एका माणसाला फसवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो पुढच्या प्रामाणिक विक्रेत्याचाही भाव पाडतो. बरकत पुसली जाण्याचा हा एक अर्थ आपल्या डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

त्या दोघांचे काय झाले?

इंजिन उघडले गेल्यामुळे गाडी आधीच्या स्थितीत परत करणे शक्य नव्हते. अशा वेळी दोषामुळे किमतीत जो फरक पडतो तो विक्रेत्याने द्यावा, हा फिकहचा मार्ग आहे. दोघांच्या संमतीने एका जाणकार मिस्त्रीला मध्ये घेतले आणि त्याने काढलेला फरक विकणाऱ्यांनी दोन हप्त्यांत दिला. पहिला हप्ता देताना त्यांचा हात थरथरत होता. ते म्हणाले, "मौलाना, मुलीच्या फीसाठी गाडी विकली होती. सांगितले असते तर कोणी घेतलीच नसती, अशी भीती वाटली." शिवणकाम करणारे गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, "भाईजान, सांगितले असते तर कमी किमतीत मीच घेतली असती. मला तशीही छोटीच गाडी हवी होती."

मी त्या दिवशी दुआ केली होती. पण सौद्याआधी दोन प्रश्न विचारायला मीही विसरलो होतो. आता कोणी गाडीच्या सौद्याची दुआ करायला बोलावले, तर मी आधी विकणाऱ्याला विचारतो: "या गाडीचे तुम्हाला ठाऊक असलेले दोष कोणते?" मग घेणाऱ्याला विचारतो: "तुम्ही गाडी कोणाला दाखवली? नाव कधी बदलणार?" उत्तरे कागदावर उतरली की दुआसाठी हात उचलतो.

अल्लाह आपल्या सर्वांना हलाल कमाईवर समाधान मानण्याची, दोष सांगण्याच्या हिमतीची आणि आपल्या व्यवहारांत बरकतीची देणगी देवो. आमीन.